पडद्याच्या मागे बसणारा आबा

सौद्याला बसलो आणि हात हलवत परत आलो, असं माझ्या बाबतीत सहसा घडत नाही. लोणावळ्याच्या फलाटावर डोक्यावर टोपली घेऊन मी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली आहे. सुटलेल्या गाडीच्या खिडकीशी पळत पळत भाव ठरवला आहे. पुढे सिनेमाचं यंत्र घेतलं ते मुंबईच्या एका बुडालेल्या तंबूवाल्याकडून, आणि इतकं घासून घेतलं की शेवटी तो म्हणाला, "न्या बाबा, पण आधी माझ्या नजरेसमोरून जा." मला राग आला नाही. धंद्यात याहून मोठा मान नसतो.

असा मी. आणि मला एका म्हाताऱ्याकडून 'बरा हाय' एवढे दोन शब्द काढता आले नाहीत. आज माझं पक्कं थिएटर आहे, बोलपट लागतात, मुंबईहून बंगल्यांवर येणारे लोकसुद्धा माझ्याकडे येतात. पण ती गोष्ट घशात अडकली आहे ती अडकलेलीच आहे.

त्याचं नाव सांगत नाही. सगळे त्याला आबा म्हणत. तोंडावर मीही आबाच म्हणायचो; पाठीमागे काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

आबा रेल्वेत ब्रेकवाला होता. त्या वेळी घाटात रिव्हर्सिंग होतं. गाडी चढत चढत डोंगराच्या टोकाशी यायची, पुढे वाटच नसायची. मग इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, मागचा डबा पुढे व्हायचा आणि गाडी उरलेला घाट चढायची. आबाची उभी नोकरी ब्रेकच्या चाकाशी, मागे तोंड करून गेली. नोकरी सुटल्यावरही त्याला पुढे तोंड करून बसणं जमेना. टांग्यात तो मागे बसे. कीर्तनाला गेला तर बुवांच्या पाठीशी बसे. विचारलं तर म्हणे, "म्होरनं समदेच बगत्यात. मागं काय चाललंय ते कुनी बगायचं?"

माझ्या तंबूत त्याची फार सोय झाली. तेव्हा पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढच्या बाजूला खुर्च्या आणि बाकं, मागच्या बाजूला नुसती जमीन, निम्मं तिकीट. खेळाच्या आधी पडद्यावर पाणी मारून तो ओला करायचा, म्हणजे चित्र पलीकडेही उमटे. मागच्यांना सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसायचं, अक्षरंसुद्धा. पण तिथे बसणाऱ्यांना अक्षर उलटं काय आणि सुलटं काय, सारखंच. मुक्या चित्रांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला मी एक मास्तर ठेवला होता, त्याचा आवाज दोन्हीकडे जाई. माणसं डावखुरी दिसतात म्हणून मागून कधी कुणी तक्रार केली नाही.

तिथे आबाची घोंगडी पडे. थंडीच्या दिवसांत ओल्या पडद्याचे शिंतोडे अंगावर घेत तो बसे. अंगात रेल्वेचा जुना कोट, खिशात शिट्टी. फिल्म तुटून अंधार झाला की तो ती शिट्टी वाजवी, आणि पुन्हा उजेड पडला की पुन्हा एकदा. मी पुष्कळ ओरडून पाहिलं. "गाडी मधीच हुबी ऱ्हायली तर शिट्टी द्यायाचीच," म्हणाला. "नेम हाय."

सुरुवातीला मी त्याला फुकट पास देऊ केला. त्यानं हातही लावला नाही. "फुकट बगितल्याव नावं कशी ठिवायची, शेट?"

नावं ठेवण्यासाठी तिकीट काढणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी खेळ पाहायचा आणि बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानासमोर फळीवर बसायचं, हा त्याचा शिरस्ता. भाजे, मळवली, खालची वरची सगळी गावं बाजाराला यायची. तांदळाचं पोतं उतरवलं की माणसं आधी त्याच्याकडे वळायची. "आबा, ह्या टायमाचा कसा हाय?" आबाची तीन उत्तरं ठरलेली. 'बगवंना' म्हणाला की माणसं गुळाची ढेप घेऊन सरळ घरी जात. 'चालंल' म्हणाला की निम्मी थांबत. तिसरं 'बरा हाय' असं असावं, असा सगळ्यांचा नुसता अंदाज होता, कारण ते कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणि कारणं काय द्यायचा! एका मारामारीच्या चित्रात नायक घोड्यावरून धावत्या गाडीवर उडी टाकतो आणि गाडी थांबवतो. तंबू नुसता शिट्ट्यांनी दणाणला होता. बाजारात आबा म्हणाला, "बगवंना. येवढी गाडी, आन् मागं ब्रेकला माणूस न्हाई. थांबली कशी?" विलायती चित्रात गोरा माणूस आणि मडम तोंडाला तोंड लावतात, तिथे खुर्च्यांवरचे लोक खाकरायला लागले, बाकांवरचे हसायला लागले. आबाला विचारलं तर म्हणे, "दोगांबी कमी ऐकू येत आसंल. लय जवळ यिऊन बोलत्यात." पौराणिक चित्रात देव आकाशातून उतरला. सगळ्यांनी हात जोडले. आबानंही जोडले, आणि मला म्हणाला, "दोर दिसला. पर दोर चांगला व्हता. आमाला शंटिंगला आसला कदी दिला न्हाई."

सगळ्यांत जास्त मी भडकलो ते एका जुन्या चित्रावरून. घासून घासून स्वस्तात आणलेलं होतं, त्यामुळे फिल्मही घासलेली होती. अशा फिल्मवर उभ्या रेघा पडतात. नव्या चित्रापेक्षा जुनं चित्र लोकांना आवडतं का ते बघू, म्हणून मी मोठ्या हौसेनं ते लावलं. आबा फळीवर बसून सांगत होता, "त्यात निस्ता पाऊस. रानात पाऊस, राजाच्या दरबारात पाऊस, सैंपाकघरात पाऊस. येवढा राजा, पर त्याला घर शाकाराया हुईना. बगवंना."

मी चारचौघांत आवाज चढवला. "आबा, तो पाऊस नाही! फिल्म जुनी आहे!"

"मग जुना पाऊस आसंल," तो शांतपणे म्हणाला, आणि बाजार हसला.

मी त्याला गुडदाणी खाऊ घालून पाहिली. खाल्ली. "चालंल," म्हणाला. चित्राला म्हणाला असावा म्हणून मी खूश झालो, तर गुडदाणीलाच म्हणाला होता.

इतकं सगळं मी सोसलं. मग एका हिवाळ्यात तो तळेगावला पाहुण्यांकडे गेला. तिथे दुसऱ्याचा तंबू होता. त्या तंबूवाल्याची आणि माझी जुनी खुन्नस. आम्ही एकमेकांचे कामगार फोडायचो. आबा परत आला, फळीवर बसला आणि कुणी न विचारता बोलला, "तळेगावात येक बगितला. बरा हाय."

बातमी माझ्याकडे पोचायला वेळ लागला नाही. मी जेवत होतो. ताटावरून उठलो.

तडक त्याच्या घरी गेलो. रेल्वेच्या चाळीत एक खोली. मुलगा कल्याणला यार्डात होता, कधीमधी येई. घरात म्हातारा आणि सून. मी बसलो तेव्हा आबा कोपऱ्यातल्या तांब्याकडे बघून म्हणाला, "तांब्याला म्हनावं, शेटला पानी दे." सुनेनं मुकाट्यानं तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, हीसुद्धा त्याची एक तऱ्हा. तेवढ्यात तो चुलीकडे बघून म्हणाला, "चुलीला म्हनावं, च्या ठिव." ती चुलीशी गेली. तो तिच्याशी बोलतच नव्हता.

"आबा," मी म्हणालो, "त्या तळेगाववाल्याच्या चित्रात असं काय आहे जे माझ्या एकातही नाही?"

"खरं हाय त्यात."

"काय खरं?"

मग त्यानं गोष्ट सांगितली. नवी नवरी वरातीनं सासरी येते. उंबऱ्यावर माप भरून ठेवलेलं असतं. "आन् ती डावा पाय लावती मापाला. डावा! मी नीट बगितलं. म्हनलं, झालं, आता ह्या घराचं काय खरं न्हाई. आन् म्होरच्याच रिळात सासू मेली. ज्यानं कुनी बनिवलंय त्याला ठावं हाय. आमच्या घरात आसंच झालं. हिचा डावा पाय पडला, माज्या डोळ्यांनी बगितलं, आन् वरसाच्या आत म्हातारी गेली. आपुन हिला कदी वाकडा सबूद बोललो न्हाई. कायबी बोललो न्हाई."

सून दारात चहाची कपबशी घेऊन उभी होती. तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि आत गेली. मला चहा गोड लागला नाही. पण मी धंदेवाला माणूस. बाहेर पडता पडता माझ्या डोक्यात एवढंच होतं की ते चित्र आपण आणायचं आणि त्याच्या तोंडून आपल्या दारात 'बरा हाय' म्हणवून घ्यायचं.

त्याच हंगामात माझी पत्र्याची शेड उभी राहिली. तंबू मोडला, असेल नसेल ते त्यात घातलं. पडदाही गेला, भिंतीलाच पांढरा चुना दिला, चित्र त्यावर पडायचं. शेडचा पहिला हंगाम चालला तर मी उभा राहणार होतो, नाही तर पुन्हा टोपली डोक्यावर. म्हणून पहिला खेळ तळेगावच्या त्याच चित्राचा लावला. चित्र एकदा 'बरा हाय' ठरलेलं. आता पुन्हा ठरायला काय हरकत होती?

आबा घोंगडी घेऊन आला. इकडे तिकडे बघितलं. "मागं बसायची जागा कुटं हाय?"

"मागे आता भिंत आहे, आबा."

"भितीच्या मागं?"

"गटार."

तो जरा विचारात पडला, तेव्हा मला धास्ती वाटली की हा गटारात जाऊन बसतो की काय. पण शेवटी नाइलाजानं पुढे बाकावर बसला, आयुष्यात पहिल्यांदा. मी यंत्राशी उभा होतो. नजर चित्रावर नव्हती, त्याच्या मुंडाशावर होती. वरात आली. उंबरा आला. नवरीनं माप ओलांडलं. मुंडासं एकदम ताठ झालं. पुढच्या रिळात सासू मेली आणि आबा उठून चालता झाला.

बाजाराच्या दिवशी फळीवरून त्यानं जाहीर केलं, "शेटनं नकली पिक्चर आनलंय. आसली तळेगावात ऱ्हायलं."

मी धावत गेलो. "काय नकली आहे त्यात?"

"हितं ती उजवा पाय लावती."

"लावणारच! नवरी उजवाच पाय लावते!"

"आन् तरी सासू मरती?" आबा लोकांकडे वळला. "तुमीच सांगा. उजवा पाय लावून आली, तरी सासू मेली. ह्याला काय आरत हाय का? कुनीतरी घाईत बनिवलंय. बगवंना."

लोकांनी माना डोलावल्या. मी तोंडाला येईल ते बोललो, पण गर्दीवर आरडून माल खपत नाही हे मला फलाटावरच कळलं होतं. त्या दिवशी शेडमध्ये खुर्च्यांवर स्टेशनातले दोन बाबू आणि एका बंगल्याचे पाहुणे, बाकी सगळा पत्रा. मळवलीच्या एका म्हातारीनं तर दारात येऊन विचारलं, "शेट, आसली कंदी येनार?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तळेगावला म्हातारा पडद्यामागे बसला होता! त्यानं सगळं उलटं पाहिलं होतं, आणि तेच त्याला खरं वाटलं होतं.

आता दुसरा कुणी असता तर त्याला समजावत बसला असता. मी गिऱ्हाइकाला समजावत नाही, गिऱ्हाइकाला हवं ते देतो. फिल्म उलट्या बाजूनं यंत्रात घातली की चित्र उलटं पडतं, एवढीच तर गोष्ट. मी दवंडी पिटवली: आज असली, उद्या नकली. दोन्ही बघा आणि ठरवा.

शेड खचाखच भरली. मास्तर कुरकुरला, "शेट, पाट्या उलट्या दिसतील, वाचू कशा?" मी म्हणालो, "पाठ आहेत ना? मग डोळे मिटून वाचा." बाबूंना सांगितलं की तुम्ही उद्या या. आबा बाकावर बसला. वरात आली, उंबरा आला आणि नवरीनं डावा पाय मापाला लावला. सगळी शेड 'आई गं!' म्हणून ओरडली. सासू मेली तेव्हा बायकांच्या बाजूनं सुस्कारे आले. माझा हंगाम वाचला, हे मला तिथेच कळलं.

खेळ सुटल्यावर मी दारात आबाला गाठलं. "काय आबा?"

"हां. ह्यो त्योच."

"मग? बरा हाय ना?"

त्यानं घोंगडी झटकली. "दुसऱ्यांदा बगितलेला," म्हणाला. "चालंल."

माझं डोकं फिरलं. त्याच्या दंडाला धरून मी त्याला यंत्रापाशी ओढत नेलं, फिल्मचा तो तुकडा काढला आणि कंदिलासमोर धरला. "बघा! हा कोणता पाय?"

तो वाकला. "डावा."

मी तुकडा उलटा केला. "आता?"

"उजवा."

"तुकडा बदलला का मी? एकच आहे! त्या दिवशीचं चित्र आणि आजचं चित्र एकच आहे! तुम्ही जन्मभर रिव्हर्सिंगला काय केलंत? इंजिन इकडचं तिकडे लागलं म्हणून गाडी बदलायची का?"

"न्हाई," आबा हळूच म्हणाला. "गाडी तीच."

"मग!"

त्यानं तुकडा माझ्या हातातून घेतला. कंदिलासमोर एकदा या बाजूनं धरला, एकदा त्या. पुन्हा या, पुन्हा त्या. "मग खरा पाय कंचा, शेट?"

"मला काय ठाऊक! आणि कुठलाही असो!" मी अजून तापलेलाच होतो. "सासू मरायची होती, मेली. सून कुठल्या पायानं आली ते बघून कुणी मरतं का?"

आबा तुकडा माझ्या हातात देऊन, घोंगडी उचलून निघून गेला. मला वाटलं, मी जिंकलो. मग आठवलं की 'बरा हाय' राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला 'नकली'चा खेळ होता. तिकीट काढायला आबा रांगेत उभा. एकच चित्र त्यानं चौथ्यांदा पाहिलं असं कधी झालं नव्हतं. आणि तो एकटा नव्हता. मागे डोक्यावर पदर घेतलेली त्याची सून होती.

"दोन तिकिटं," म्हणाला. "येक बायकांच्या बाजूचं."

"आबा, हा नकली आहे," मी टोमणा मारला.

"ठावं हाय. हिला ह्योच दावायचाय."

तो बाकावर बसला. वरात आली. उंबरा आला. नवरीनं उजवा पाय मापाला लावला, तांदूळ सांडले. पुढच्या रिळात सासू मेली. आज कुणी सुस्कारा टाकला नाही; कालच्या भांडणावरून बाकांवर कुजबुज चालली होती. मी बायकांच्या बाजूला नजर टाकली. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून भिंतीकडे बघत होती. डोळे पुसत नव्हती. नुसती बघत होती.

खेळ सुटला. मी दारात ठाण मांडून उभा राहिलो. आज याला सोडायचं नाही असं ठरवलं होतं. दोघं आली.

"काय आबा, आता तरी सांगा. कसा आहे?"

आबानं माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून सुनेकडे बघितलं. जवळ ना तांब्या होता, ना चूल.

"मला काय इचारता?" तो म्हणाला. "पोरी, तूच सांग शेटला. कसा हाय?"

ती दचकली. क्षणभर तिला कळलंच नसावं की हे आपल्याला विचारलं आहे. मग पदर सावरून ती हळूच म्हणाली, "बरा हाय, मामंजी."

"ऐकलंत?" आबा मला म्हणाला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून पुढे चालू लागला. ती मागून. थोडं गेल्यावर तो थांबला आणि तिला पुढे जाऊ देऊन स्वतः मागे राहिला.

ते चित्र शेडमध्ये खूप चाललं. 'असली' आणि 'नकली' दोन्ही. पुढे पाऊस पडणारी जुनी चित्रं गेली, बोलणारी नवी आली. आबानं ती सगळी पाहिली, तिकीट काढून. एकालाही 'चालंल'च्या वर चढू दिलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या दारात 'बरा हाय' हे शब्द उच्चारले गेले, हे मी मान्य करतो. पण ते सुनेनं उच्चारले. त्यानं नाही. माझी तक्रार कायम आहे.